कमानीवरचं नाव

आठवडा झाला, गावच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे: वेशीवरच्या नव्या कमानीवर नाव कुणाचं घालायचं? सरपंच म्हणतात निधी मी आणला, जागावाले म्हणतात जागा आमच्या आजोबांची. इथे कैरोत माआदीहून सदात स्टेशनला जाताना मेट्रोत उभ्या उभ्या मी हे सगळं वाचतो आणि डोकं फिरतं. अरे, जरा कैरोजवळच्या सक्काऱ्याला या, जुन्या इजिप्तच्या कबरस्तानात.

तिथे उत्तरेच्या कडेला हेमाकाची कबर आहे. पहिल्या राजवंशातल्या देन राजाचा हा मुद्राधारी. आपल्या भाषेत सांगायचं तर शिक्केकट्यार याच्या हाती. पाच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पिरॅमिड हा प्रकारच अजून निघाला नव्हता. कबर कच्च्या विटांची, पण सत्तावन्न मीटर लांब, सव्वीस रुंद. आमच्या गावातली सगळी भावकी मावेल आत, आणि तिथेही भांडेल.

1936 साली एमरी नावाच्या ब्रिटिश उत्खननकाराने ती नीट उपसली. चोर कधीच हात मारून गेले होते. तरी कुत्रे हरणांच्या मागे धावताहेत अशी काळ्या दगडाची एक चकती सापडली. तहरीरच्या संग्रहालयात तिच्यापुढे मी जेवणाची सुट्टी घालवली आहे. आणि हेमाकाचं नाव सापडलं कुठे? मडक्यांच्या तोंडावरच्या मातीच्या बुचांवर. रोजच्या कामाचा शिक्का, बस्स. एका लाकडी डबीत पपायरस, म्हणजे तेव्हाचा कागद, निघाला, आजवर मिळालेला सगळ्यात जुना, आणि तो कोरा! राजाचा शिक्का ज्याच्या हातात, त्याने त्यावर स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही.

(पुढे एमरीलाच वाटू लागलं की एवढी मोठी कबर राजाचीच असणार, हेमाका नुसता माल पोचवणारा. आता बहुतेक अभ्यासक राजांच्या कबरी दूर दक्षिणेला अबायडोसला होत्या असं धरतात आणि ही अधिकाऱ्याची मानतात. म्हणजे जागेचा वाद इथेही सुटलेला नव्हता. हे मी ग्रुपवर टाकलं नाही.)

बाकीचं टाकलं. चुलतभावाचं उत्तर आलं, ‘अण्णा, तुमच्याकडे मेलेल्यांची व्यवस्था चांगली आहे. आम्हाला जित्यांना कमान लागते.’ त्याला तीसेक अंगठे.

माझ्याकडे! बावीस वर्षं झाली तरी बवाब, म्हणजे इमारतीचा दारवानसुद्धा, मला ‘हिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणूनच हाक मारतो, आणि याच्या लेखी मी इजिप्तचा.

वर्गणी मीही पाठवली होती. ‘नाव नको’ असं आवर्जून लिहिलं होतं. काल यादीचा फोटो आला. बोटांनी मोठा करून दोनदा वाचला. तळाशी होतं: ‘एक परगावचे देणगीदार’.

परगावचे. कमानीपासून शंभर पावलांवर जन्मलेला माणूस.

रात्री भावाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, पेंटर कधी येणार? शुक्रवारी, म्हणाला.

शुक्रवारी मला सुट्टीच असते.