पंचशील म्हणजे पाच 'आज्ञा' नव्हेत

'बुद्धांनी पाच आज्ञा दिल्या. नकळत मुंगी चिरडली तरी शील मोडते, आणि एकदा मोडले की पुन्हा घेता येत नाही,' असा मजकूर पंचशीलाबद्दल, म्हणजे बौद्ध उपासकांच्या (गृहस्थ अनुयायांच्या) पाच आचारनियमांबद्दल, फिरतो आहे. यातले एकही वाक्य पाली बौद्ध ग्रंथांच्या परंपरेला धरून नाही.

शील घेताना आपण म्हणतो, 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.' म्हणजे, जीवहत्येपासून दूर राहण्याचे सिक्खापद मी स्वीकारतो. शेवटचे क्रियापद प्रथमपुरुषी आहे: मी स्वीकारतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम. इथे हुकूम सोडणारा कोणी नाही.

मुंगीचे म्हणाल तर अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले आहे. धम्मपद या ग्रंथाच्या अट्ठकथेत (जुन्या टीकेत) चक्खुपाल या अंध थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, गोष्ट येते. चंक्रमण करताना, म्हणजे ध्यानासाठी येरझाऱ्या घालताना, त्यांच्या पायाखाली किडे मेले. तक्रार बुद्धांपर्यंत गेली, तेव्हा मारण्याचा हेतू नव्हता म्हणून थेर निर्दोष ठरले. पण याचा अर्थ बेफिकीर वागायला मोकळीक असा कोणी काढू नये; पाचव्या, नशेपासून दूर राहण्याच्या शीलात 'पमाद' हा शब्द आहेच, आणि तो गाफीलपणाबद्दल आहे.

राहिले मोडलेले शील. मज्झिम निकाय या दुसऱ्या उपदेश-संग्रहात बुद्ध आपला मुलगा राहुल याला सांगतात की कृतीच्या आधी, कृती चालू असताना आणि नंतरही ती तपासावी: यातून स्वतःला, दुसऱ्याला त्रास होतो का? बोलण्यालाही हेच लागू. चूक झालीच, तर ती जाणत्या माणसापुढे उघड करावी आणि पुढे संयम पाळावा. उपासक आयुष्यभर पुन्हा पुन्हा शील घेतात, ते यासाठीच.