रुग्णांचा कैवार घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

गेल्या महिन्यात आमच्या इंदूरमधल्या एका व्याख्यानमालेत ‘क्लोनिंग : वरदान की अतिक्रमण?’ असा परिसंवाद झाला आणि त्यात ‘रुग्णांचे प्रतिनिधी’ म्हणून व्यासपीठावर बसण्याचा मान मला मिळाला. बारा वर्षांपूर्वी बायपासवर एका ट्रकने माझा मणका मोडला, तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे आणि या विषयातली माझी पात्रता आयोजकांच्या मते तेवढीच होती. त्या संध्याकाळी मला जे ज्ञान झाले, ते पुढेमागे रुग्णांचा कैवार घेण्याची इच्छा बाळगणाऱ्या सुजाण वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

सर्वप्रथम, सभागृह पहिल्या मजल्यावरचे निवडावे आणि लिफ्ट नाही याची आधी खात्री करून घ्यावी. चार स्वयंसेवक खुर्चीसकट रुग्णाला उचलतात, मागून कोणी ‘भिया, सँभाल के’ म्हणून ओरडतो, पुढे छायाचित्रकार उलट्या पावलांनी पायऱ्या चढतो आणि रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वीच अर्ध्या श्रोत्यांचे डोळे पाणावतात. या गडबडीत खुर्चीची पाय ठेवायची पट्टी कठड्याला आपटून मोडली, तर तिची वाच्यता करू नये. कार्यक्रमाच्या गांभीर्याला बाधा येते.

शाल आणि श्रीफळ आधीच मोजून आणावे.

वक्त्यांमध्ये एक पुढारी, एक निवृत्त प्राध्यापक आणि एक डॉक्टर असावेत, व रुग्णाला सर्वांत शेवटी दोन मिनिटे द्यावीत. पहिले तिघे ‘थोडक्यात सांगतो’ अशी सुरुवात करून पावणेदोन तास बोलतील, याची चिंता नसावी, कारण रुग्णाला बसण्याचा सराव असतोच.

क्लोनिंगचे, म्हणजे एका जिवाच्या पेशीपासून त्याची जनुकीय नक्कल करण्याचे, दोन प्रकार आहेत, हे श्रोत्यांना कदापि कळू देऊ नये. एका प्रकारात अख्खा प्राणी जन्माला घालतात, जशी ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली, आणि तीही २७७ प्रयत्नांतून एक. दुसऱ्या, म्हणजे उपचारासाठीच्या प्रकारात स्त्रीबीजातले केंद्रक काढून त्या जागी रुग्णाच्या पेशीतले केंद्रक घालतात, तो गर्भ पाच-सहा दिवस काचेच्या बशीत वाढवतात आणि त्यातून मूलपेशी (स्टेमसेल), म्हणजे शरीरातल्या निरनिराळ्या पेशी ज्यांपासून बनू शकतात अशा पेशी, मिळवतात. गर्भाशयात तो कधीच जात नाही. त्या पाच-सहा दिवसांच्या गर्भाला काय मानायचे, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि ते मला ऐकायचे होते. आमच्या पुढाऱ्यांनी मात्र थेट रक्तबीजाला हात घातला : जमिनीवर पडलेल्या प्रत्येक थेंबातून नवा राक्षस उभा राहील, माणसांचे कारखाने निघतील, वगैरे. त्यावर प्राध्यापकांनी तुपाच्या कुंभांतल्या शंभर कौरवांचा दाखला देऊन हे सारे शास्त्र आपल्याकडे पूर्वीच होते असे सिद्ध केले आणि टाळ्या त्यांनाच अधिक पडल्या. आता विचार करा, ब्रिटनने २००१ साली उपचारासाठीच्या प्रकारातल्या संशोधनाला परवान्याची वाट मोकळी केली, त्याच वर्षी मूल जन्माला घालण्याच्या क्लोनिंगवर कायद्याने बंदीही घातली, आणि आकाश कोसळले नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने जुलै २००१ मध्ये दोन्ही प्रकारांना एकाच दावणीला बांधणारे बंदीचे विधेयक २६५ विरुद्ध १६२ मतांनी संमत केले; ते पुढे सिनेटमध्ये अडकून पडले. मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्वच मानवी क्लोनिंगविरुद्धची घोषणा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाली, तेव्हा विरोधातल्या त्या ३४ देशांत भारत होता. मूल जन्माला घालण्याला भारताचाही विरोधच होता, पण उपचारासाठीच्या संशोधनाचे दार बंद करू नये, असे आपले म्हणणे होते. आपल्याच देशाची ही भूमिका व्यासपीठावरच्या तिघांपैकी एकालाही ठाऊक नसावी, हा योगायोग म्हणायचा की पूर्वतयारी?

सुपरमॅनचे नाव अवश्य घ्यावे. पडद्यावर सुपरमॅन झालेला आणि पुढे घोड्यावरून पडून मान मोडलेला अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह मार्च २००२ मध्ये सिनेटच्या समितीसमोर उपचारासाठीच्या क्लोनिंगची बाजू मांडायला आला होता, हे डॉक्टरांनी गहिवरून सांगितले. कण्याला इजा झालेला दुसरा एक अमेरिकन रुग्ण याच संशोधनाच्या विरोधात सिनेटच्या एका उपसमितीपुढे बोलला, हे मात्र सांगू नये. त्यामुळे रुग्णांनाही निरनिराळी मते असतात असा गैरसमज पसरतो.

आशा सढळ हाताने वाटावी. या बाबतीत दक्षिण कोरियाचा आदर्श समोर ठेवावा. तिथे ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने क्लोन केलेल्या मानवी गर्भापासून मूलपेशी मिळवल्याचे २००४ मध्ये जाहीर केले, म्हणून सरकारने २००५ मध्ये टपाल तिकीट काढले, आणि त्यावर काय होते? चाकाच्या खुर्चीतला माणूस उठतो, उडी मारतो आणि समोरच्याला कवटाळतो. तिकिटानंतर त्याच वर्षी त्याने रुग्णांच्याच पेशींपासून मूलपेशी बनवल्याचाही दावा केला, आणि जानेवारी २००६ मध्ये त्याचे हे दोन्ही शोधनिबंध बनावट म्हणून मागे घेतले गेले. तिकिटावरचा माणूस उठला होता, त्या देशातले माझ्यासारखे लोक होते तिथेच बसून राहिले. त्या खटाटोपात दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे खर्ची पडली आणि ती देणाऱ्यांत त्याच्याच प्रयोगशाळेतल्या हाताखालच्या मुली होत्या. संप्रेरकांची इंजेक्शने घेऊन, भूल घेऊन ही बीजे कोणा ना कोणा बाईला द्यावी लागतात, हा शब्द पावणेदोन तासांत कोणाच्याही तोंडून निघाला नाही. ‘मातृशक्ती’ मात्र सात वेळा ऐकली, मी मोजली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये क्लोनिंगने मूलपेशी मिळवण्याचे हे काम खरोखर साधले, पण तोवर जपानच्या यामानाका यांनी स्त्रीबीजाशिवाय साध्या पेशीलाच मूलपेशीसारखी करून दाखवून २०१२ चे नोबेलही मिळवले होते. म्हणजे वाद कुठून कुठे गेला होता आणि आम्ही अजून रक्तबीजापाशी.

हे सारे मी चार कागदांवर लिहून नेले होते. संयोजक कानाशी येऊन म्हणाले, ‘दादा, विज्ञान राहू द्या, तुमचा अनुभव सांगा, लोकांना तेच भिडते.’ मी भारताच्या मतदानापर्यंत पोहोचलो आणि घंटा वाजली.

आणि मग खाली, पोह्यांच्या टेबलापाशी, सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेला एक सुटाबुटातला गृहस्थ आला, त्याने माझ्या मांडीवर एक कार्ड ठेवले आणि हळूच म्हणाला, ‘स्टेमसेल आहे आपल्याकडे, तीन इंजेक्शने, साडेतीन लाख, दुसऱ्या हप्त्यात हालचाल सुरू होते.’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिले आहे की, रक्ताच्या विकारांसाठी होणारे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा कोणताही वापर अजून उपचार नाही, तो मंजूर चाचणीतच व्हावा, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. मी शेजारी उभ्या असलेल्या आमच्या डॉक्टर वक्त्यांकडे पाहिले. ते पोह्यांवर शेव घालून घेत होते. त्यांनी कार्ड वाचले, त्या माणसाला ओळख दिली आणि म्हणाले, ‘प्रयत्न करून पाहायला काय हरकत आहे?’

हरकत आहे, डॉक्टर. माझ्या भावाने पहिल्याच वर्षी अशाच एका ठिकाणी आईच्या पाटल्या मोडून पैसे भरले आहेत आणि माझा अंगठासुद्धा हललेला नाही. तुम्हांला हे ठाऊक होते, तुमच्या हातात तासभर माईक होता, आणि त्या सभागृहात किमान पाच घरे अशी होती की ज्यांना ते एक वाक्य हवे होते. पुढारी साहेब, तुम्ही गर्भाच्या प्रतिष्ठेसाठी तळमळून बोललात, चांगले केलेत; पण तुमच्याच प्रभागातल्या आरोग्य केंद्राला रॅम्प नाही आणि लघवीच्या नळीसाठी मला दर महिन्याला दवा बाजारात माणूस पाठवावा लागतो. आम्हांला चालायचे आहेच, पण त्याआधी लघवीवर ताबा हवा आहे, पाठीवर जखमा व्हायला नको आहेत, आणि कोणत्या संशोधनातून काय किती वर्षांत होऊ शकते हे खरे सांगणारे कोणीतरी हवे आहे. हे तुम्ही एकाने तरी विचारलेत का? मला बोलावलेत ते माझे मत ऐकायला की माझी खुर्ची दाखवायला?

काल संयोजकांचा पुन्हा फोन आला होता, पुढच्या परिसंवादासाठी. आधी माझ्या खुर्चीची पट्टी दुरुस्त करून द्या, तळमजल्यावर जागा बघा आणि मला पहिले बोलू द्या, असे मी त्यांना सांगितले आहे.