स्टिरिओफोनिक्स: ना सख्खे भाऊ, ना रातोरात नंबर वन

'वेल्सच्या दोन जोन्स भावांनी बँड काढला आणि पहिल्याच अल्बमला ब्रिटनमध्ये नंबर वन झाले' असा स्टिरिओफोनिक्सबद्दलचा मजकूर सध्या फिरतोय. त्यात वेल्स तेवढं बरोबर आहे!

केली जोन्स आणि रिचर्ड जोन्स भाऊ नाहीत. वेल्समध्ये जोन्स म्हणजे आपल्याकडचे पाटील, गल्लोगल्ली सापडतात. तिसरा म्हणजे ड्रमर स्टुअर्ट केबल. तिघंही कूमामन या कोळसाखाणीच्या गावचे. केली मंडईत फळं-भाजी विकायचा, आणि तिथली गिऱ्हाइकं पुढे त्याच्या गाण्यांत आली. बँडचं आधीचं नाव वेगळंच होतं. आत्ताचं नाव सुचलं ते स्टुअर्टच्या कुटुंबातल्या जुन्या रेडिओग्रामवरची (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं यंत्र) अक्षरं वाचून.

आता 'रातोरात'चं बघू. बँड १९९२ चा, रेकॉर्ड कंपनीशी करार १९९६ चा. मधली चार वर्षं पब आणि क्लबांत वाजवण्यात गेली. पहिला अल्बम १९९७ मध्ये आला तो सहाव्या क्रमांकावर. नंबर वन झाला दुसरा, मार्च १९९९ मध्ये. सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या यादीत अव्वल यायला तर २००५ साल उजाडलं, 'डकोटा' या गाण्यामुळे. आणि तोवर स्टुअर्ट बँडमध्ये राहिला नव्हता.