पुलाचा इतिहास लिहायचाय? आधी कोनशिला रंगवा

धुळ्यासारख्या शहरातल्या जुन्या दगडी पुलाचं सुशोभीकरण निघालं आणि कोणी तुम्हाला 'पुलाच्या इतिहासावर चार ओळी द्या' म्हणालं, तर घाबरू नका. मला गेल्या आठवड्यात म्हणाले. तेव्हापासून मी या विषयातला जाणकार आहे.

पूल बांधला कोणी? अहिल्याबाईंनी. दगड काळा असला की अहिल्याबाईच. त्या १७९५ साली गेल्या, इंग्रज खानदेशात १८१८ ला आले आणि मग ब्रिग्जसाहेबाने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, असली किरकिर करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. कार्यक्रम सरकारी असेल तर विश्वेश्वरय्या. ते १८८४ ला नोकरीत लागले, धुळ्याकडचं त्यांचं गाजलेलं काम पाण्याच्या सायफनचं, म्हणजे नळातून पाणी पलीकडे नेण्याचं; पण पगडीतला फोटो बॅनरवर शोभतो.

चुन्यात गूळ, उडीद, बेलफळ घालत जा. वाचकाला भूक लागली पाहिजे.

'पुलाचं आयुष्य संपलं' असं लंडनहून आलेलं पत्र हवंच. ते कोणी पाहिलेलं नसतं, पाहिलेल्याच्या मेहुण्याला मात्र सगळे ओळखतात.

कापसाच्या गाड्या, गिरणीच्या पाळ्या, डबा घेऊन पूल ओलांडणारे कामगार, हे लिहू नका. त्यात तलवारी नाहीत.

आता मुख्य काम. कठड्यातल्या कोनशिलेला ऑइलपेंट फासा. आधी पांढरा, वरून पिवळे-काळे पट्टे. अक्षरांच्या खाचा बुजल्या की साल वाचायची कटकट मिटली. वर भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स तारेने आवळा. आमच्याकडे एवढं सगळं झालंय. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तर म्हणे, "जाऊ द्या ना दादा, काय फरक पडस?" फाइल मागायला गेलो, तर साहेब मीटिंगला. सोमवारी या. मग दगडांच्या सांध्यांत सिमेंट ठासा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, पण दिसतं कसं चकाचक! बांधणाऱ्याने भरावातलं पाणी निघायला कमानींच्या अंगाला भोकं ठेवली होती, तीही लिंपून टाका. पिंपळ वरवर छाटा, मुळं आत वाढू द्या, खुंटाला हळदकुंकू लावा. आणि रात्री पायाशी वाळूचे ट्रॅक्टर लागतात ते कुणालाच दिसत नाहीत, नाही का? अख्ख्या पेठेला आवाज येतो!

अरे, महाडचा पूलसुद्धा दगडी कमानींचाच होता, १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट घेऊन. नवा पूल १६५ दिवसांत उभा केला. म्हणजे जमतं की तुम्हाला! माणसं वाहून गेल्यावरच जमतं, एवढंच. रंगाला पैसा आहे, कारंज्याला आहे, फीत कापायला आहे, आणि पुलाखाली उतरून एकदा पाया बघायला कोणाला वेळ नाही. लाज वाटत नसेल तर नसो, पण पावसाळ्याआधी ती भोकं मोकळी करा. दोन मजुरांचं सकाळभराचं काम आहे.