‘अरुंद रस्त्यावरची रेस म्हणजे नुसती मिरवणूक’? मुद्द्यागणिक उत्तर

फॉर्म्युला वनची मोनॅकोच्या शहरी रस्त्यांवरची शर्यत जवळ आली की आमच्या नांदेड-संभाजीनगरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: ‘मोनॅको काय, सिंगापूर काय, बाकू काय, सगळं एकच. शनिवारी जो पहिला, तोच रविवारी पहिला. ओव्हरटेक होत नाही म्हणजे ती रेसच नाही, मिरवणूक आहे. स्पीड कमी, म्हणून ड्रायव्हरचा कस लागत नाही. काही उलटापालट झालीच तर ती सेफ्टी कारमुळं, म्हणजे लॉटरी. रविवारची संध्याकाळ कायला वाया घालवायची? असल्या रस्त्यावर गाडी तर आपली पोरं बीड बायपासला रोज रात्री पळवतात.’

वाळूजला बजाजचा आणि शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असलेल्या, घरटी एखादा माणूस गाड्यांच्या सुट्या भागांवर पोट भरत असलेल्या शहरात हा मेसेज विचार न करता पुढे ढकलला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शनिवारी पहिला तोच रविवारी पहिला, हा पहिला दावा. (शनिवारी एका लॅपच्या, म्हणजे फेरीच्या, वेळेवरून सुटायचा क्रम ठरतो, रविवारी शर्यत होते.) याला आधार काय देतात, तर 2024 ची मोनॅको शर्यत. तो आधार खरा आहे. त्या दिवशी पहिले दहा जण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोहोचले, आणि फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. पहिल्याच लॅपला मोठा अपघात होऊन लाल झेंडा निघाला. थांबलेल्या वेळात सगळ्यांना टायर बदलता आले, मग पुढं पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, यायची कुणाला गरजच उरली नाही. शर्यत कंटाळवाणी झाली, मान्य.

पण एका शर्यतीवरून नियम बांधता येत नाही. 2015 ते 2025 या काळात मोनॅकोला दहा शर्यती झाल्या (2020 ची रद्द झाली). त्या दहांपैकी पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून, सुटलेला ड्रायव्हर पाच वेळा जिंकला आणि पाच वेळा हरला. 2015 मध्ये हॅमिल्टन आरामात पुढं होता, सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना आपल्यामागं हळू चालवणारी गाडी) आल्यावर टीमनं त्याला पिटमध्ये बोलावलं आणि तो तिसरा आला. 2016 मध्ये रिकार्डो पिटमध्ये आला तेव्हा त्याचे टायर तयारच नव्हते. पहिला नंबर तिथंच गेला. 2017 मध्ये राइकोनेन आधी पिटमध्ये गेला, मागचा वेटेल पाच-सहा लॅप जास्त राहिला आणि नेमक्या त्या लॅप त्यानं इतक्या जोरात मारल्या की बाहेर आला तो पुढंच. 2021 ला लेक्लेर पोलवर होता, पण शनिवारी भिंतीला धडकलेली त्याची गाडी रविवारी सुरुवातीच्या रेषेपर्यंतही पोहोचली नाही. 2022 ला ओल्या रस्त्यावर पिटची वेळ चुकली आणि तोच लेक्लेर पहिल्याचा चौथा झाला.

या पाचही वेळी जिंकणारा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेवरून सुटला होता, हेही सांगायला हवं. बाराव्या जागेवरच्या आवडत्या ड्रायव्हरकडून विजयाची आशा धरून बसलात तर निराश व्हाल. 1996 मध्ये ओलिव्हिए पॅनिस चौदाव्या जागेवरून जिंकला खरा, पण त्या दिवशी पावसानं आणि भिंतींनी इतक्या गाड्या खाल्ल्या की शेवटची रेषा तिघांनीच ओलांडली. असे दिवस विरळा. तरी ‘तोच पहिला’ हे वाक्य निम्म्या वेळा खोटं ठरतं, आणि निम्म्या वेळा खोट्या ठरणाऱ्या गोष्टीला नियम म्हणत नाहीत.

आता ओव्हरटेकचा मुद्दा. हा सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. मोनॅकोत पुढची गाडी ओलांडणं जवळजवळ अशक्य आहे, यात वाद नाही. 1992 मध्ये गाडीचं किमान वजन ड्रायव्हर सोडून 505 किलो होतं, 2025 मध्ये ड्रायव्हरसकट 800 किलो. त्या वर्षी रुंदी दोन मीटर होती, लांबी साडेपाच मीटरच्या आसपास. गाड्या वाढल्या, रस्ते तेवढेच राहिले. मग लढत कुठं होते? ती होते दोन गाड्यांमधल्या सेकंदांत. मोनॅकोच्या पिट लेनमध्ये ताशी 60 किमीची मर्यादा आहे, बाकी बहुतेक ठिकाणी 80. टायर बदलून परत रस्त्यावर यायला ढोबळमानानं वीस सेकंद जातात. म्हणजे मागच्यावर वीस सेकंदांची आघाडी मिळाली, तर जागा न गमावता टायर बदलता येतात. पुढच्याला ही आघाडी मिळवायची असते आणि मागच्याला ती मिळू द्यायची नसते. स्क्रीनच्या डाव्या कडेला जे आकडे पळत असतात, तीच शर्यत. ते न बघता नुसत्या गाड्या बघणाऱ्याला मिरवणूकच दिसणार.

2025 चंच घ्या. त्या वर्षी मोनॅकोत निदान दोनदा टायर बदलायची सक्ती होती. रेसिंग बुल्स टीमच्या लॉसननं आपल्या मागची अख्खी रांग मुद्दाम हळू केली. त्यामुळं त्याच्या पुढच्या जोडीदाराला, आयझॅक हाजारला, मोकळी जागा मिळाली. हाजारनं दोन्ही पिट स्टॉप उरकले आणि सहावा आला. लॉसन स्वतः आठवा. विल्यम्स टीमच्या दोघांनी हेच केलं. मागं अडकलेला रसेल इतका वैतागला की शिकेन (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) कापून पुढं गेला आणि दंड घेऊन बसला. हे खेळाडू वृत्तीला धरून होतं का, यावर जरूर वाद घाला. मला स्वतःला ते आवडलं नाही. पण त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच शर्यतीत व्हर्स्टाप्पेन दुसरा पिट स्टॉप न करता लाल झेंड्याची वाट बघत सगळ्यांच्या पुढं राहिला, थेट शेवटच्या लॅपच्या तोंडापर्यंत. त्याच्या मागं नॉरिस, नॉरिसच्या मागं लेक्लेर. नॉरिसला पुढं जाता येत नव्हतं आणि चूक केली तर मागचा टपलेलाच होता. तोवर पुढच्या जागा बदलल्या नाहीत, पण मला खुर्चीवरून उठवलं नाही.

आणि 1992 ची मोनॅको. नायजेल मॅन्सेल हंगामाच्या पहिल्या पाचही शर्यती जिंकून आला होता, इथंही पुढं होता. शेवटच्या काही लॅप उरल्या असताना चाक सैल झाल्याचा संशय आला म्हणून तो पिटमध्ये गेला, तोवर आयर्टन सेना पुढं निघून गेला. नवे टायर घालून मॅन्सेलनं त्याला गाठलं आणि शेवटच्या तीन लॅप डावीकडून, उजवीकडून, जिथं फट दिसेल तिथून घुसायचा प्रयत्न केला. सेनानं फट ठेवलीच नाही. शेवटी अंतर होतं 0.215 सेकंद. ओव्हरटेक झाला नाही, आणि तीस वर्षं उलटून गेल्यावरही लोक त्या तीन लॅप परत परत बघतात.

मोनॅको, बाकू ‘सगळं एकच’, हेही चूक. बाकूच्या जुन्या किल्ल्याजवळचा तुकडा 7.6 मीटर रुंद आहे, म्हणजे तीन एसटी अंगाला अंग लावून उभ्या केल्या की रस्ता संपला. पण त्याच सर्किटवर दोन किलोमीटरच्या वर सरळ रस्ताही आहे, आणि तिथं ओव्हरटेक होतात. 2017 ला रिकार्डो दहाव्या जागेवरून तिथं जिंकला. 2024 ला पियास्ट्रीनं विसाव्या लॅपला लेक्लेरवर खूप मागून झेप घेतली आणि मग तीस लॅप त्याला रोखून धरलं.

कमी स्पीडचा मुद्दा आकड्यांनीच मिटतो. नॉरिसनं 2025 ला मोनॅकोत पोल घेतला तो 1 मिनिट 9.954 सेकंदांत. 3.337 किमीच्या रस्त्यावर ही सरासरी ताशी जवळजवळ 172 किमी होते, आणि त्यात जवळपास 50 च्या वेगानं घ्यावं लागणारं हेअरपिनही (यू-टर्नसारखं वळण) आलं. जेद्दाचं सर्किटही भिंतींमधलंच, आणि तिथं पोलच्या लॅपची सरासरी 250 च्या आसपास जाते.

टीव्हीवर भिंत किती जवळ आहे ते कळत नाही. 11 फेब्रुवारी 2023 ला हुसेन सागरच्या काठी फॉर्म्युला ई झाली, तेव्हा आम्ही काही जण नांदेडहून रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गेलो होतो. गाड्या विजेच्या, इंजिनाचा गोंगाट नाही, त्यामुळं टायरची किंकाळी स्वच्छ ऐकू यायची. जाळीतून बघताना लक्षात आलं की वळणाच्या बाहेरच्या काँक्रीटला गाडीचं मागचं चाक लागतं की काय, इतक्या जवळून प्रत्येक जण प्रत्येक लॅपला जातोय. पहिल्या सरावात हेच ड्रायव्हर तिथून लांब राहत होते. दिवसभरात ते भिंतीकडं थोडं थोडं सरकत गेले, आणि जो जास्त सरकला त्याची वेळ कमी झाली. शर्यतीत सॅम बर्ड हेअरपिनला आपल्याच टीमच्या मिच एव्हान्सवर आदळला आणि दोन्ही जॅग्वारची वाट लागली. जिंकला व्हर्न. बॅटरी कमी उरलेली असताना त्यानं मागच्या कॅसिडीला शेवटपर्यंत पुढं जाऊ दिलं नाही.

ड्रायव्हरचा कस लागत नाही म्हणणाऱ्यांनी 1988 ची मोनॅको आठवावी. सेना आणि प्रोस्ट दोघांकडं एकसारखी मॅक्लारेन होती. पोल घेताना सेनानं प्रोस्टला जवळजवळ दीड सेकंदानं मागं टाकलं. रविवारी तो भरपूर आघाडीवर होता, आणि 67 व्या लॅपला क्षणभर लक्ष विचलित झालं तसा पोर्टिएच्या वळणावर भिंतीत गेला. शर्यत प्रोस्टनं जिंकली. मोकळ्या सर्किटवर तेवढी चूक झाली असती तर गाडी कडेला जाऊन परत रस्त्यावर आली असती.

लॉटरीचा मुद्दा थोडक्यात. सेफ्टी कार कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं. पण ती येण्याची शक्यता किती, हे सगळ्यांना माहीत असतं. सिंगापूरला 2008 पासून झालेल्या प्रत्येक शर्यतीत ती आली होती. पहिला अपवाद 2024 चा. सेफ्टी कारमागं सगळे हळू चालत असताना पिटमध्ये गेलं तर वेळ कमी वाया जातो, म्हणून टीम आधीपासून हिशेब मांडून तयार असतात. 2008 च्या सिंगापूर शर्यतीत तर रेनो टीमनं आपल्याच पिके या ड्रायव्हरकडून मुद्दाम अपघात करवला. त्यातून सेफ्टी कार आली आणि पंधराव्या जागेवरून सुटलेला त्याच टीमचा अलोन्सो जिंकला. पुढच्या वर्षी हे उघड झालं. खेळाला लागलेला तो डाग आहे. पण फायदा कुणाला आणि किती होईल हे आधी मोजता येत होतं, म्हणूनच ती लबाडी केली गेली.

शेवटचं वाक्य बीड बायपासचं, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. रस्त्यावर शर्यत घेण्याआधी गटारांची झाकणंसुद्धा पक्की बंद करावी लागतात, कारण गाडीखालचं हवेचं ओढणं झाकण उचलू शकतं. 2019 ला बाकूत सैल झाकणानं रसेलची विल्यम्स खालून फोडली. 2023 ला लास व्हेगासमध्ये तसंच झाकण लागून साइन्झच्या फेरारीचं वाटोळं झालं आणि सराव काही मिनिटांतच थांबला. दोन्ही बाजूंना अडथळे, वर जाळ्या, ठरावीक अंतरावर झेंडे घेतलेले मार्शल, डॉक्टरची गाडी, हेल्मेट आणि आगरोधक कपडे, आणि समोरून एकही वाहन येणार नाही याची खात्री. एवढं करूनही ड्रायव्हर जखमी होतात.

बायपासला यातलं काय आहे? तिथं समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, दुसरी पाळी संपवून वाळूजहून घरी निघालेला माणूस दुचाकीवर असतो. मोनॅको आवडत नसेल तर बघू नका, मिरवणूक म्हणा, मी परत उत्तर देईन. पण मेसेज पुढं पाठवणार असाल तर ते शेवटचं वाक्य काढूनच पाठवा. ग्रुपमध्ये अठरा-वीस वर्षांची पोरं आहेत, ती वाचतात.