शाळेची पारख वर्गात बसून करावी

जिल्हा परिषदेच्या शाळेचा दर्जा पटसंख्येवरून ठरवावा, असे मत एका लेखात वाचले; ते मला मान्य नाही. पट घटण्यामागे गावातील स्थलांतर आणि इंग्रजी माध्यमाची ओढ ही कारणेही असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. परंतु द्विशिक्षकी शाळेतील एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले, की सगळे वर्ग दुसऱ्यांच्याच गळ्यात पडतात, आणि हे पटाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा तिसरीच्या मुलाला पुस्तकाबाहेरचा उतारा वाचायला द्यावा, हातच्याची वजाबाकी फळ्यावर करायला सांगावी आणि तो अडखळला तर बाई काय करतात, हे शांतपणे पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालकच असतात. त्यांनी हे अवश्य करावे.