बायकोच्या नावावर घर घेतलं तरी स्टॅम्प ड्युटी माफ नाही

"घर बायकोच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटी शून्य" असा मेसेज सध्या कळवा-खारेगावकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या मेहुण्याने तर तो वाचून हिशेबातून पावणेतीन लाख खोडूनही टाकले!

माफी नाही. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात निवासी घर घेणाऱ्या महिलेला एक टक्क्याची सवलत मिळते, एवढंच. ठाणे महापालिका हद्दीत मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के पडतात, महिलेला ६. म्हणजे ४० लाखांच्या वन बीएचकेवर २,८०,००० ऐवजी २,४०,०००. नोंदणी फीचे ३०,००० वेगळे, त्यात बाईमाणसाला सूट नाही. शिवाय रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाली, तर स्टॅम्प ड्युटी त्या जास्त किमतीवर.

खरी मेख पुढेच आहे. करारात खरेदीदार म्हणून फक्त महिला हवी. सासू-सून चालतील, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. आणि नाव नाही जोडलं, तर हप्ता त्याच्या पगारातून गेला तरी घराचा मालक तो नाही, म्हणून जुन्या करप्रणालीतली गृहकर्जाच्या व्याजाची वजावट त्याला घेता येत नाही. बायको कमावती नसेल तर ४०,००० वाचवून दरवर्षी कर जास्त भरायचा, असंही होऊ शकतं. मेहुण्याचं नेमकं तेच होणार होतं.

पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नाही, हेही त्याच मेसेजात आहे. ती अट होती खरी, पण २०२३ मध्येच काढली.